मिगीचा शेवटचा रविवार: जावं की नाही?

सहाव्या_रांगेतला | 25 सप्टेंबर 2023, रात्री

राम राम मंडळी. धागा बेसबॉलवर आहे, त्यामुळे निम्मे लोक इथूनच मागे फिरणार हे धरूनच चाललोय.

येत्या रविवारी, 1 ऑक्टोबरला, मिगेल कब्रेरा, म्हणजे मिगी, डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कात शेवटचा सामना खेळणार. समोर क्लीव्हलंड. आमचे डेट्रॉइट टायगर्स प्लेऑफमधून कधीच बाहेर पडलेत, म्हणजे सामन्याला तसा काही अर्थ नाही. तरी तिकिटांचे भाव बघून घाम फुटला.

मी 2008 साली पुण्याहून डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आलो. मिगीही त्याच वर्षी फ्लोरिडाहून डेट्रॉइटला आला. दोघांचीही बदली एकाच वर्षी झाली असं मी बायकोला सांगतो. पगारात किरकोळ फरक होता, एवढंच. वर्षभरात इथल्या गाडी कंपन्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 2009 मध्ये रोज कुणीतरी खोक्यात डेस्कवरचे फोटो आणि कॉफीचा मग भरून पार्किंगकडे चाललेलं दिसायचं. संध्याकाळी आम्ही तिघे-चौघे स्वस्तातली तिकिटं काढून मैदानात जाऊन बसायचो. घरी बसून व्हिसाची चिंता करण्यापेक्षा ते बरं वाटायचं. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हा माणूस बॅट घेऊन आला की आजूबाजूचे लोक नाचोचा डबा खाली ठेवायचे, एवढं कळलं होतं.

अडचण अशी की लेक दहा वर्षांची आहे. तिने मिगीला चांगला खेळताना पाहिलेलंच नाही. तिच्या लेखी तो एक जाडसर, हळू पळणारा, हसरा काका. या हंगामात त्याचे तीन-चारच होमरन (आपला षटकार समजा) झालेत. त्यात रविवारी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम, आणि ती नाचात पहिल्या ओळीत.

तर प्रश्न दोन. तालीम बुडवून जावं का? आणि खेळ संपत आलेल्या खेळाडूला बघायला जाण्यात नक्की काय असतं?

---

चिंचपोकळीकर | 26 सप्टेंबर

वर्ल्ड कप दहा दिवसांवर आलाय आणि इथे बेसबॉल! पितृपक्षात निवृत्ती घेतोय म्हणजे माणूस धाडसी आहे. दिवे घ्या, म्हणजे हलके घ्या.

---

नोव्हायची_नमू | 26 सप्टेंबर

जा!! तालमी दर रविवारी असतात. (तालमीच्या बाईंना हे माझं नाव घेऊन सांगू नका, मीच ती.)

---

आकडेमोड्या | 26 सप्टेंबर

ज्यांना मिगी कोण हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थोडक्यात होणार नाही, पण प्रयत्न करतो.

बेसबॉलमध्ये दोन वेगळ्या जातीचे फलंदाज असतात. काही आयुष्यभर एकेक हिट (चेंडू मारून सुखरूप पहिल्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, पोचणं) गोळा करतात, काही भिंतीपलीकडे मारतात. 3000 हिट आणि 500 होमरन ही दोन्ही कामं केलेले आजवर सात जण आहेत: हँक एरन, विली मेज, एडी मरे, राफाएल पालमेरो, ॲलेक्स रॉड्रिगेझ, आल्बर्ट पुजोल्स आणि मिगी. त्यात कारकिर्दीची सरासरी .300 च्या वर हवी म्हटलं की फक्त तिघे उरतात: एरन, मेज, मिगी. (.300 म्हणजे दर दहा संधींत तीन हिट. क्रिकेटवाल्यांना हे कमी वाटेल. ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू गोल दांड्याने मारून बघा, मग बोलू.)

आणि 2012. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सरासरी (.330), होमरन (44) आणि आरबीआय, म्हणजे त्याच्या फटक्यावर आलेले रन (139), या तिन्हींत तो पहिला आला. याला ट्रिपल क्राउन म्हणतात. त्याआधी हे 1967 मध्ये कार्ल यास्त्रेम्स्कीने केलं होतं. मधली 45 वर्षं कुणालाच जमलं नाही.

---

भाऊ_फार्मिंग्टन | 26 सप्टेंबर

आकडेमोड्या, अर्धीच गोष्ट सांगितलीस. त्याच 2012 मध्ये माइक ट्राउट नावाचं पोरगं पहिल्याच पूर्ण हंगामात मिगीपेक्षा चांगलं खेळलं होतं. पळणं, फिल्डिंग, सगळं धरलं तर ट्राउटचा वॉर दहाच्या वर आणि मिगीचा सातच्या आसपास. तरी एमव्हीपी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिगीला. 28 पैकी 22 मतं! जुन्या पत्रकारांना ट्रिपल क्राउन हा शब्द दिसला आणि ते विरघळले.

---

आकडेमोड्या | 26 सप्टेंबर

भाऊ, हिशोब मान्य आहे. नोकरीच हिशोबाची आहे माझी. पण तू त्या वर्षी मैदानात होतास ना? सप्टेंबरात मिगी बॅटिंगला आला की तुझ्या तोंडातून वॉर शब्द आला होता का?

---

भाऊ_फार्मिंग्टन | 26 सप्टेंबर

आला नव्हता. शिव्या आल्या होत्या, त्याही कौतुकाच्या.

---

कोथरूडचा_पंखा | 26 सप्टेंबर

वॉर म्हणजे काय? युद्ध?

---

आकडेमोड्या | 26 सप्टेंबर

एखाद्याच्या जागी बाकावरचा साधारण खेळाडू खेळवला असता तर संघ किती सामने कमी जिंकला असता, त्याचा अंदाज. घरातली बाई आठवडाभर माहेरी गेली की जो आकडा कळतो, तोच.

---

गुळपोळी | 27 सप्टेंबर

मी थोडं कडू लिहिते, रागावू नका.

2014 च्या मार्चमध्ये क्लबने त्याला आठ वर्षांचा, 24 कोटी 80 लाख डॉलरचा वाढीव करार दिला. जुन्या कराराची दोन वर्षं बाकी असताना! तो करार 2016 ला सुरू झाला. पहिल्या वर्षी 38 होमरन. पुढच्या सात हंगामांत मिळून 65. गुडघा गेला, 2018 ला दंडाचा स्नायू फाटला, आणि त्या पैशांत नवे खेळाडू घेता आले असते ते आले नाहीत. आम्ही वर्षानुवर्षं हरणारा संघ बघितला. 2011 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली होती, तेही लक्षात असू द्या. तो मोठा खेळाडू होता, नाही कोण म्हणतंय? पण या महिनाभर जे चाललंय, प्रत्येक गावात भेटवस्तू, भाषणं, त्यात एकदाही कुणी हे बोललेलं मी ऐकलं नाही.

---

डिअरबॉर्नचे_आजोबा | 27 सप्टेंबर

गुळपोळी, नाव गोड आणि प्रतिसाद कारल्याचा. पण खोटं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून राग नाही.

मी 1976 पासून इथे आहे. जुनं मैदान मिशिगन आणि ट्रम्बल रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. 1984 ला टायगर्स अंतिम मालिका जिंकले तेव्हा मी तिथेच होतो. रात्री घरी पोचायला चार तास लागले आणि हिने दार उघडलं नाही. टायगर्सचा तेव्हाचा मोठा खेळाडू अल केलाइन मी येण्याआधी दोन वर्षं थांबलेला. त्याचे 3007 हिट आणि होमरन 399. एक कमी! माझ्या कारखान्यातला फोरमन हे सांगताना दर वेळी एक बोट वर करायचा. चाळीस वर्षं झाली, त्या माणसाचं नाव विसरलो, पण ते बोट डोळ्यांपुढे आहे.

आता गंमत बघा. केलाइनने शेवटचा हंगाम 1974 ला खेळला तेव्हा त्याचं काम फक्त बॅटिंगचं होतं, मिगीसारखंच. तरी या गावात त्या वर्षाबद्दल कुणी तक्रार करताना मी ऐकलं नाही. 3000वा हिट त्याने बाल्टिमोरला मारला, तिथेच तो जन्मला होता. डेट्रॉइटवाले ते रेडिओवर ऐकत होते. मिगीने 3000वा आमच्या डोळ्यांसमोर मारला. करार महाग होता हे खरं, पण त्यात हेही आलं.

---

टोरांटोकर | 27 सप्टेंबर

आणि 500वा होमरन आमच्या डोळ्यांसमोर! 499 वर असताना डेट्रॉइटला सगळे घरचे सामने कॅमेरे सरसावून बसले, एक लागला नाही. मग 22 ऑगस्ट 2021 ला टोरांटोत गोलंदाज स्टीव्हन मॅट्झला उजवीकडच्या कुंपणाबाहेर मारला. आमचं सगळं मैदान उभं राहिलं. परक्या संघाच्या खेळाडूसाठी एवढ्या टाळ्या मी आधी बघितल्या नव्हत्या. माझ्या शेजारच्या कॅनडियन आजी रडत होत्या. मी विचारलं, टायगर्सच्या का? म्हणाल्या, नाही, पण दिवस चांगला आहे.

---

चिंचपोकळीकर | 27 सप्टेंबर

हे म्हणजे सचिनचं शंभरावं शतक! 99वं मार्च 2011 ला नागपुरात, आणि शंभरावं बरोबर एक वर्षाने मीरपूरला, बांगलादेशविरुद्ध. मुंबईकर वर्षभर वाट बघत बसले. आणि तो सामनाही हरलो.

---

कोथरूडचा_पंखा | 27 सप्टेंबर

सचिनने ती शेवटची दोन वर्षं खेळायलाच नको होती. विजय मर्चंट म्हणायचे ना, लोक 'का थांबलास' असं विचारतात तेव्हाच थांबावं, 'का थांबत नाहीस' विचारायच्या आत.

---

चिंचपोकळीकर | 27 सप्टेंबर

पुण्यातून हेच येणार होतं.

---

धागा_राखणदार | 27 सप्टेंबर

सचिनसाठी चौदा धागे आहेत. त्यातला कुठलाही घ्या. इथे पुणे-मुंबई नको.

---

चिंचपोकळीकर | 27 सप्टेंबर

एकच शेवटचं, मग गप्प. नोव्हेंबर 2013 ला मी वानखेडेवर होतो. सचिन 74 वर असताना सॅमीने स्लिपमध्ये झेल घेतला. आपल्याच मैदानावर आपलाच माणूस आउट झाल्यावर जी शांतता पसरली, ती ऐकून सॅमीलाही साजरं करावं की नाही कळेना. त्या सामन्यात वेस्ट इंडिज काय खेळले, विचाराल तर मला एक रन आठवत नाही. मूळ प्रश्नाचं उत्तर यात आहे का माहीत नाही, पण मी माझ्या पोराला नेलं नव्हतं. शाळेत परीक्षा होती. कसली परीक्षा, ते आता त्याला आठवत नाही आणि मलाही.

---

लेफ्टफिल्ड | 28 सप्टेंबर

आज गणपती गेले, घर रिकामं वाटतंय, म्हणून लांब लिहितो.

माझ्या मते मिगी समजायचा असेल तर होमरन बाजूला ठेवा आणि त्याचे 'वॉक' बघा. क्रिकेटवाल्यांसाठी: फलंदाज फारच धोकादायक असेल तर गोलंदाज मुद्दाम चार चेंडू लांब बाहेर टाकायचा आणि त्याला एक बेस फुकट देऊन टाकायचा. याला इंटेन्शनल वॉक म्हणतात. म्हणजे 'बाबा तू जा, आम्ही पुढच्याला बघतो.'

2006 च्या जूनमध्ये मिगी फ्लोरिडाच्या मार्लिन्सकडून बाल्टिमोरला खेळत होता. वय 23. दहावी इनिंग (एरवी नऊ असतात), सामना बरोबरीत. बाल्टिमोरच्या गोलंदाजाने असाच फुकट वॉक द्यायला पहिला चेंडू बाहेर टाकला, पण आळसात टाकला, जरा जवळ पडला. मिगीने हात लांबवले आणि तो चेंडू मारला! उजवीकडे हिट, पुढचा माणूस घरी, मार्लिन्स पुढे. लोक तुला टाळायला बघतायत, आणि तू टाळण्यासाठी टाकलेला चेंडूच मारतोस. असा फटका मी दुसरा बघितलेला नाही.

आता 2022 वर या. 21 एप्रिल, कोमेरिका पार्क, गुरुवारची दुपार. मिगी 2999 वर. आठवी इनिंग, सगळे उभे, माझ्या पुढच्या रांगेत एकाने पोराला खांद्यावर घेतलेलं. आणि न्यूयॉर्क यांकीजच्या मॅनेजरने, म्हणजे कोचने, खेळाडूंच्या बाकावरून बोटं वर केली. इंटेन्शनल वॉक! 2017 पासून नियम बदललाय, चार चेंडू टाकावे लागत नाहीत, नुसता इशारा पुरतो. म्हणजे या वेळी हात लांबवून मारायला चेंडूच नव्हता. मैदानभर जी हुर्यो झाली ती मी जन्मात ऐकली नव्हती. मी स्वतः मराठीतून ओरडलो, शेजाऱ्याने ओळख नसताना पाठ थोपटली. आणि मिगी? तो पहिल्या बेसकडे चालत गेला. तक्रार नाही, हातवारे नाहीत. पुढच्या फलंदाजाने दोन रन काढणारा डबल (दोन बेसचा फटका) मारला.

शुक्रवारी पावसाने सामना धुतला. शनिवारी कोलोरॅडोविरुद्ध पहिल्याच इनिंगमध्ये उजवीकडे साधा सरळ सिंगल. 3000. कोलोरॅडोचा शॉर्टस्टॉप होजे इग्लेसियास, आधी इथलाच, धावत येऊन मिठी मारून गेला. मिगीची आई मैदानात आली. वॉक मिळाला नसता तर हे गुरुवारी झालं असतं, आणि शनिवारचं तिकीट असलेल्या माझ्या बायकोला ते दिसलं नसतं. ती यांकीजच्या मॅनेजरला अजून आशीर्वाद देते.

---

नोव्हायची_नमू | 28 सप्टेंबर

लेफ्टफिल्ड, अंगावर काटा. वाचनखूण साठवली.

---

भाऊ_फार्मिंग्टन | 28 सप्टेंबर

वाईट आठवण मी सांगतो, कारण कुणीतरी सांगायला हवी. 28 ऑक्टोबर 2012, वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, सान फ्रान्सिस्कोविरुद्ध चौथा सामना, इथेच. आम्ही 3-0 मागे. थंडी अशी की कपड्यांचे तीन थर घालूनही दात वाजत होते. त्या सामन्यात मिगीनेच होमरन मारून आघाडी दिली होती. दहाव्या इनिंगला दोन आउट, एका रनने मागे, आणि समोर मिगी. ट्रिपल क्राउनवाला! सर्जिओ रोमोचे फिरणारे चेंडू खात-खात आला, मग एक सरळ फास्टबॉल मधोमध. बॅट खांद्यावरून हललीच नाही. तिसरा स्ट्राइक, म्हणजे आउट. संपलं. ते लोक आमच्या मैदानात नाचायला लागले.

मिगीला वर्ल्ड सिरीज मिळाली ती एकच, 2003 ला, विसाव्या वर्षी, फ्लोरिडाकडून. नावाजलेला गोलंदाज रॉजर क्लेमेन्स याने डोक्याच्या दिशेने चेंडू टाकून घाबरवायला बघितलं आणि त्याच पाळीत मिगीने त्याला होमरन मारला. डेट्रॉइटला मात्र त्याने ती दिली नाही. गुळपोळीच्या यादीत हेही घाला.

---

गुळपोळी | 28 सप्टेंबर

मी यादी आवरती घेतेय. लेफ्टफिल्डच्या त्या 'हात लांबवले' वर अडकले आहे. चित्रफीत शोधून सात वेळा बघितली.

---

डिअरबॉर्नचे_आजोबा | 28 सप्टेंबर

आमच्या गल्लीच्या टोकाला व्हेनेझुएलाच्या एका बाईंचं छोटं दुकान आहे, आरेपा करतात. मक्याची भाकरी समजा, मध्ये फोडून सारण भरलेली. भिंतीवर मिगीचा फोटो, त्याच्या शेजारी लुईस अपारिसिओचा, जो हॉल ऑफ फेममध्ये गेलेला त्यांच्या देशाचा आजवरचा एकटाच. बाई म्हणतात, पाच वर्षांनी दुसरा जाणार. मिगी त्यांच्या माराकाय गावचा. काल विचारलं, रविवारी जाणार का? म्हणाल्या, दुकान बंद ठेवणार, पण मैदानात नाही जाणार, घरी टीव्हीसमोर बसून रडणार, लोकांसमोर कशाला.

---

सहाव्या_रांगेतला | 29 सप्टेंबर

मंडळी, तिकिटं काढली. दोन. नमूताई, पहिल्या ओळीतली एक मुलगी रविवारी येणार नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय वर, आता फिरू नका.

---

नोव्हायची_नमू | 29 सप्टेंबर

फिरत नाहीये. पण सोमवारी व्हिडिओ कॉलवर दुसरं कडवं पाठ करून घेणार.

---

कोथरूडचा_पंखा | 1 ऑक्टोबर, पहाटे (इकडे)

पुण्यात पहाट आहे. बेसबॉल कळत नाही. या धाग्यामुळे लावून बसलोय. पहिल्या बेसजवळचे लोक एवढं काय बोलत असतात एकमेकांशी?

---

आकडेमोड्या | 1 ऑक्टोबर

पंखा, सामना रविवारचा आहे. तू शनिवारचा बघतोयस.

---

कोथरूडचा_पंखा | 1 ऑक्टोबर

आता सोडवत नाही. चालू दे.

---

सहाव्या_रांगेतला | 2 ऑक्टोबर, सकाळी

आवाज बसलाय, म्हणून टाइप करतो.

चाळीस हजारांच्या वर लोक होते. क्लीव्हलंडचा मॅनेजर टेरी फ्रँकोना यांचाही क्लीव्हलंडसाठी हा शेवटचा सामना, त्यामुळे समोरचे लोकही हळवे झालेले. मिगीला हिट मिळाली नाही. प्रत्येक वेळी आम्ही उभे, प्रत्येक वेळी खाली बसायचो. शेवटच्या वेळी बॅटिंगला आला तेव्हा त्याला वॉक मिळाला. (लेफ्टफिल्ड, तुझी आठवण काढली. इशारा वगैरे नाही, खरेखुरे चार चेंडू.) लेकीने विचारलं, हे लोक गोलंदाजाला का ओरडतायत, बेस तर मिळाला ना? मी समजावत बसलो तोपर्यंत त्याच्या शेवटच्या पळण्यातली दोन पावलं हुकली.

मग आठव्या इनिंगला मिगी हातमोजा घालून पहिल्या बेसवर गेला! दोन वर्षांत फिल्डिंगला उभा राहिला नव्हता. आम्हाला वाटलं, नुसतं टाळ्या घ्यायला. पहिल्याच फलंदाजाने, स्टीव्हन क्वानने, चेंडू थेट त्याच्याकडे मारला. जमिनीवरून, सरळ. मिगीने उचलला, स्वतःच बेसवर पाय ठेवला. आउट. एकच. लगेच मॅनेजरने त्याला बाहेर बोलावलं. सगळे इनफिल्डवाले मिठ्या मारायला आले. माझ्या डावीकडचा दाढीवाला माणूस 'बॉल त्याच्याकडेच गेला, बॉल त्याच्याकडेच गेला' असं स्वतःशीच म्हणत होता.

सामना टायगर्स 5-2 जिंकले. नंतर कळलं, मैदानात कुणाचं लक्ष होतं!

शेवटचा हिशोब: 3174 हिट, 511 होमरन, 1881 आरबीआय, सरासरी .306. आकडेमोड्या, तपासून घे.

लेक परत येताना गाडीत म्हणाली, 'बाबा, त्याने आउट केला ना? मग त्याला का काढलं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने बघितलं तर ती मागच्या सीटवर, सीटबेल्टमध्येच, हात लांबवून बाहेरचा चेंडू मारायचा सराव करत होती. ती चित्रफीत मी शनिवारी दाखवली होती.

---

आकडेमोड्या | 2 ऑक्टोबर

तपासले. बरोबर.

---

डिअरबॉर्नचे_आजोबा | 2 ऑक्टोबर

दुकान आज उघडलं. बाईंचे डोळे सुजलेले. आरेपाचे पैसे घेतले नाहीत.

---

नोव्हायची_नमू | 2 ऑक्टोबर

काल तालमीला नऊपैकी चार मुली आल्या. बाकी पाचही कोमेरिका पार्कात होत्या म्हणे. पुढच्या वर्षी तारखा लावताना टायगर्सचं वेळापत्रक आधी बघणार. आणि हो, आज सात वाजता, दुसरं कडवं.